सालीसकट ओंडक्याचं पोकळ भांडं: तडकतं कशाने आणि टिकतं कसं

वादळात पडलेलं झाड, कोणीतरी तुकडे करून ठेवलेत, आठवड्याभरात जळणात जाणार, त्यातला एक ओंडका तुम्ही उचलून आणला. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर लावला, बाहेरून घाट दिला, आतून पोखरला, तोंडाशी झाडाची साल तशीच ठेवली. झालं भांडं. टेबलावर ठेवून दहा फोटो काढले. आणि चौथ्या रात्री ठक्क असा आवाज आला, सकाळी बघता तर तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत तडा, आणि साल एका बाजूने उचललेली. माझी पहिली तीन भांडी अशीच गेली. हत्यार कसं धरायचं ते दाखवणारे भरपूर आहेत पण तडा का गेला हे फार थोडे लोक सांगतात, आणि ते एकदा कळलं ना की अर्धी कामाची पद्धत आपोआप सुचते.

सगळा खेळ पाण्याचा आहे.

लाकूड जवळून पाहिलं तर उभ्या बारीक नळ्यांची जुडी. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं, एक नळ्यांच्या पोकळीत मोकळं आणि दुसरं नळ्यांच्या भिंतींमधे मुरलेलं. धुतलेला सुती कपडा आठवा, पिळला की भरपूर पाणी निघतं पण कपडा तेवढाच राहतो, आटतो तो नंतर, दोरीवर उरलेला ओलावा जाताना. लाकडाचंही तसंच. ताज्या लाकडात पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या निम्म्याहून जास्त सहज असतं, काही जातींत तर कोरड्या लाकडापेक्षा पाणीच जड, म्हणजे ओलावा १०० टक्क्यांच्या वर. हे मोकळं पाणी जाईपर्यंत लाकूड ढिम्म हलत नाही. ओलावा साधारण २८-३० टक्क्यांवर आला की मोकळं पाणी संपतं, मग नळ्यांच्या भिंतींमधलं निघायला लागतं आणि तिथून लाकूड आकसायला सुरुवात. म्हणून कातताना काही होत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आपण खुश होतो आणि मग नाटक सुरू होतं.

बरं, सगळीकडून सारखं आकसलं असतं तर भांडं नुसतं लहान झालं असतं, काही तक्रार नव्हती. पण लाकूड उभं, म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने, जवळजवळ आकसतच नाही, ०.१-०.२ टक्के म्हणजे सोडूनच द्या. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ४ टक्क्यांच्या आसपास, आणि वर्षाची कडी जशी गोल फिरते त्या दिशेत साधारण त्याच्या दुप्पट, ८ टक्के धरा. जातीप्रमाणे आकडे बदलतात पण हे एकास दोन प्रमाण बऱ्याच लाकडांत दिसतं. आणि घोळ नेमका या एकास दोन मधेच आहे.

२० सेंमी व्यासाचा ओंडका घ्या. घेर जवळजवळ ६३ सेंमी. वाळल्यावर त्रिज्या ४ टक्क्यांनी कमी होऊन १० ची ९.६ झाली, म्हणजे तिच्याभोवती पुरायला ६०.३ सेंमी घेर लागणार. पण घेर तर ८ टक्क्यांनी आटून ५८ च्याही किंचित खाली आलाय. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर अडीच सेंटिमीटर कापड कमी पडलं. मग टाका उसवतो, ओंडक्याच्या तोंडावर सालीपासून गाभ्यापर्यंत जी पाचरीसारखी फट दिसते ती हीच. (हे अगदी हाडासारखं कोरडं झाल्यावरचं गणित झालं, घरातल्या हवेत लाकूड ८-१२ टक्क्यांवर थांबतं, म्हणून प्रत्यक्षात दीडेक सेंटिमीटर. तरी तडा तो तडाच.)

आता भांडं पोकळ केल्याने काय होतं ते बघा, मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली होती. घेराला आकसायचंय, पण आतलं भरीव लाकूड त्याला आकसू देत नाहीये म्हणून तो फाटतोय. मग आतलं लाकूडच काढून टाकलं तर? उरली नुसती पातळ कडी. तिला आत अडवायला कोणी नाही, ती खुशाल ८ टक्के आकसते, सगळं भांडं जरासं बारीक होतं आणि भांडण मिटतं. म्हणजे पातळ केल्यावर फुटेल अशी जी भीती सगळ्यांना असते ती उलटी आहे, ओलं लाकूड जाड ठेवलं तर फुटतं. आणि पातळपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे सारखं. एका जागी ५ मिमी आणि शेजारी १२ मिमी असेल तर पातळ भाग आधी वाळून आकसायला बघतो, जाड भाग अजून ओलाच, आणि दोघांच्या सीमेवर चीर. ७ मिमीची सारखी भिंत ४ ते १० मधे फिरणाऱ्या भिंतीपेक्षा कधीही बरी.

पण एक जागा राहिली ना. तळ. ओंडका उभा धरून पोखरलात तर भिंत कडी झाली, तळ मात्र अजूनही चकतीच आहे आणि तिच्या बरोब्बर मधे झाडाचं भेंड, म्हणजे तो मधला मऊ ठिपका. वरचं सगळं गणित त्या चकतीला जसंच्या तसं लागू. माझं पहिलं भांडं तिथूनच तडकायला लागलं होतं, भिंत ५ मिमी आणि तळ चांगला अडीच सेंमी, का तर म्हटलं जड तळ बरा, स्थिर राहील. तळही भिंतीइतकाच पातळ हवा आणि खालून किंचित खोलगट, म्हणजे वाळताना त्याला वाकायला जागा मिळते. भेंडावर पातळ सुपरग्लूचे चार थेंब आतून-बाहेरून जिरवायचे. तरीही कधी ताऱ्यासारखी बारीक चीर उमटते, ती मी आता चालवून घेतो.

दुसरा मार्ग म्हणजे भेंडच काढून टाकणं. ओंडका लांबीत मधोमध चिरायचा, भेंडाच्या दोन्ही बाजूंचं दोनेक सेंटिमीटर लाकूड फेकायचं, आणि अर्धा तुकडा आडवा लावायचा, सालीची बाजू तोंडाकडे. तोंडाशी सालीची कड असलेली ती लाटेसारखी भांडी बघितली असतील, ती अशी होतात. ती लाट कोणी कोरत नाही बरं का, ती भूमितीतून येते. ओंडक्याची पाठ गोल आहे आणि तिच्यातून तुम्ही सरळ गोल काढताय, त्यामुळे कडेचे दोन बिंदू वर राहतात आणि दोन खाली उतरतात. ३० सेंमीच्या ओंडक्यातून २४ सेंमीचं भांडं काढलं तर वरच्या आणि खालच्या बिंदूत ६ सेंमीचा फरक पडतो, तेच २० सेंमीचं काढलं तर जेमतेम पावणेचार. नाट्यमय कड हवी असेल तर ओंडक्याच्या रुंदीचा जास्तीत जास्त भाग वापरा, शांत हवी असेल तर मधलाच घ्या. असं भांडं वाळताना लंबगोल होतं, कारण एका दिशेला लाकूड उभं आहे जे आकसत नाही आणि दुसऱ्या दिशेला आडवं जे आकसतं, २४ सेंमीला सेंटिमीटरभर फरक सहज. दोष नाही तो, पण घट्ट बसणारं झाकण वगैरे करायच्या भानगडीत पडू नका.

आता सालीकडे येऊ, कारण गाडी सगळ्यात जास्त तिथेच अडते.

साल आणि लाकूड यांच्या मधे एक अतिशय पातळ जिवंत थर असतो, कँबियम. आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तोच तयार करतो. झाड वाढीच्या भरात असतं तेव्हा या थरातल्या पेशी भराभर विभागल्या जात असतात, त्यांच्या भिंती पातळ, आत पाणी भरलेलं, म्हणजे जोड अक्षरशः ओला आणि निसरडा. अशा वेळी तोडलेल्या फांदीची साल नखाने ओढली तरी सोलून येते. वाढ थांबलेल्या दिवसांत, झाड विश्रांतीला असताना, पेशी विभागायचं बंद होतं आणि जोड घट्ट होतो. म्हणजे साल टिकणार की नाही हे तुम्ही लेथ चालू करायच्या कितीतरी आधी, झाड पडलं त्या दिवशीच बरंचसं ठरलेलं असतं. तुमचं कौशल्य त्यानंतर.

पण उचलून आणलेल्या ओंडक्याचा वाढदिवस कोणाला माहीत असतो. मग साधी परीक्षा करायची, कापलेल्या टोकाला साल आणि लाकडाच्या रेषेवर चाकूचं टोक ठेवून हलकंसं उचलायचं. पापुद्र्यासारखी सुटायला लागली तर त्या ओंडक्याचं बिनसालीचं भांडं करा आणि मोकळे व्हा. साल लाकडाचा तुकडा घेऊनच निघत असेल तर हा आपला. हाताच्या मुठीने सालीवर ठोकून बघितलं तरी कळतं, जिथे आतून सुटली आहे तिथे आवाज पोकळ येतो. आणि ओंडका उचलताना सालीला धरून उचलू नका, आपटू नका, दोन बोटांएवढी साल निघाली की कड गेलीच, आणि ती नेमकी दर्शनी बाजूलाच निघते हा माझा अनुभव.

उचललेल्या लाकडात अजून काय काय निघतं त्याची गंमत वेगळी. खिळे, तारा, साखळीचा तुकडा, झाडाने गिळलेला दगड. बाभूळ किंवा ओकसारखं टॅनिन (तुरट द्रव्य) असलेलं लाकूड असेल तर लोखंड स्वतःच पत्ता सांगतं, लोखंड आणि टॅनिनची ओलाव्यात प्रक्रिया होऊन निळसर काळा डाग पडतो. कापलेल्या टोकावर अशी शाई सांडल्यासारखी रेघ दिसली की आत खिळा आहे असं समजून चाला, करवतीची साखळी वाचेल. काही दिवस ओलसर जागी पडलेल्या ओंडक्यात बुरशी शिरलेली असते आणि बुरशीच्या दोन वसाहती आपापल्या हद्दी आखतात तिथे पेनाने काढल्यासारख्या काळ्या रेघा उठतात. दिसायला अप्रतिम. पण तीच बुरशी लाकूड खातही असते, नख रुतलं तर ते लाकूड फिरत्या लेथवर ठेवायच्या लायकीचं नाही. सालीखाली किडे असतात हेही गृहीत धरा, बारीक पिठासारखा भुगा आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर तो ओंडका बाकीच्या लाकडांजवळ ठेवू नका. लाकडी खोके आणि पॅलेट देशाबाहेर पाठवताना किडीसाठी लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस सलग ३० मिनिटं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यावरून किती उष्णता लागते याचा अंदाज येईल.

आणि धूळ. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर घडवणारी म्हणून १९९५ मधे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकलेली आहे, बुरशी लागलेल्या लाकडात वर बुरशीचे कणही आले. ओलं लाकूड कातताना धूळ कमी उडते, लांबलांब ओल्या पट्ट्या निघतात, पण घासायची वेळ आली की नीट बसणारा मास्क हवाच, रुमाल बांधून भागत नाही.

लेथवर लावायचं. सालीच्या बाजूला टोकेरी सेंटर, म्हणजे ओंडक्यात रुतून त्याला फिरवणारं लेथचं टोक, नुसतं सालीवर टेकवलं तर साल मऊ असते, पकड सुटते, म्हणून तेवढ्या जागेची साल छिन्नीने काढून सेंटर थेट लाकडात बसवायचं. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक, म्हणजे समोरून दाबून धरणारा आधार, आणि जितका वेळ शक्य आहे तितका वेळ तो लावूनच ठेवायचा. हाताने ओंडका फिरवून बघा, जड बाजू खाली येऊन थांबते, मग जरा जागा बदलून तोल साधा. वेगासाठी एक जुना ठोकताळा आहे, इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे म्हणजे ६,००० ते ९,००० च्या मधे. १० इंचाला ६०० ते ९००. तोल नसलेल्या कच्च्या ओंडक्याला मी खालच्या आकड्याच्याही खाली सुरू करतो, लेथ थरथरायला लागली की अजून कमी. ६०० फेऱ्यांना सुद्धा १० इंचाच्या भांड्याची कड ताशी २८-२९ किलोमीटरने फिरत असते, सालीचा एखादा तुकडा सुटला तर त्याच वेगाने येणार. पूर्ण चेहरा झाकणारी काच लावायची आणि सुरू करताना ओंडक्याच्या समोर न उभं राहता बाजूला. यात हिरोगिरी नको.

सालीची कड फिरताना दिसत नाही हा एक वेगळाच अनुभव आहे. भरीव भाग स्पष्ट दिसतो आणि त्याच्या पुढे एक धुरकट सावली, भूत असल्यासारखी. ती सावली म्हणजे कडेचे ते दोन उंच बिंदू. मागे काळा कागद लावला तर जरा बरी दिसते. तिथे हत्यार अर्धा वेळ लाकडात आणि अर्धा वेळ हवेत असतं, टक टक टक टक, आणि आपण हवेत असताना हात पुढे रेटला तर पुढचा फटका जोरात बसतो आणि साल उडते. रेटायचं नाही, हत्यार टूलरेस्टवर (हत्यार टेकवायच्या दांडीवर) दाबून ठेवायचं आणि नुसतं सरकू द्यायचं, नुकती धार लावलेली असताना. अजून एक, कापण्याची दिशा अशी ठेवा की धार आधी सालीत शिरेल आणि तिला लाकडावर दाबत आत जाईल. उलटं, लाकडातून सालीकडे बाहेर पडलात तर तिला मागून आधार नसतो, धार तिला ढकलून देते. आंब्याची कैरी सालीकडून आत कापणं आणि आतून बाहेर कापणं, तोच फरक.

आता आतलं पोखरणं. उभ्या ओंडक्यात आधी मधोमध ड्रिलने भोक पाडायचं, जितकं खोल भांडं हवंय त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. दोन कामं एकदम होतात, भेंडाजवळचं लाकूड निघून जातं आणि तळ कुठे आहे ते कळतं, नाहीतर अंधारात कापत कापत तळाला भोक पडतं (पडलंय). पोखरताना उभ्या लाकडात मधून बाहेरच्या दिशेने कापायचं, म्हणजे धार नळ्यांना आधार असलेल्या बाजूने कापते. आडव्या लाकडात उलट, कडेकडून मधे. अरुंद तोंडाचं भांडं असेल तर सरळ हत्यार भांड्याच्या खांद्याच्या आतल्या बाजूला पोचतच नाही, तिथे वाकडं हत्यार लागतं. अमेरिकेतल्या डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकात अशी वाकडी हत्यारं वापरून इवल्याशा तोंडाची आणि अतिशय पातळ भिंतीची भांडी करायला सुरुवात केली आणि हा प्रकार नावारूपाला आला, पुढे १९८६ मधे तिथे कातारी लोकांची संघटना झाली तिचे पहिले अध्यक्षही तेच.

धार टेकते तिथपासून टूलरेस्टपर्यंतचं अंतर वाढलं की सगळा जोर तुमच्या हातावर येतो, साधी पहार आहे ती. म्हणून आत जाणारं टोक एक भाग तर मागे मूठ चार-पाच भाग अशी लांब मूठ लागते. आणि टोक मध्यरेषेच्या किंचित वर. का, तर हत्यार अडकून खाली दबलं तर मध्यरेषेपाशी पोकळी सगळ्यात रुंद असते, टोक लाकडापासून सुटतं. तेच मध्यरेषेखाली असेल तर दबताना अजून रुततं, आणि मग भांडं तरी जातं नाहीतर मनगट. दर मिनिटाला लेथ थांबवून आतला भुसा काढायचा, ओला भुसा आत ठासून बसतो आणि हत्यार त्यात गुरफटतं. फिरत्या भांड्यात बोट घालायचं नाही, हे एवढं मोठ्याने ओरडून सांगतो.

जाडी कशी कळणार, आत दिसत तर नाही. मी एक जाड तार C सारखी वाकवून घेतली आहे, दोन टोकांत ठरलेलं अंतर. एक टोक आत टेकवायचं आणि दुसरं बाहेरून किती लांब राहतं ते बघायचं, वजाबाकी केली की जाडी. लेझरवाली महागडी सोयही मिळते. पण खरा आधार कानाचा, भिंत पातळ व्हायला लागली की हत्यार टेकल्याचा आवाज बदलतो, ठोस घरघर जाऊन त्यात एक पोकळ सूर येतो, आणि तो सूर एकाएकी वेगळा झाला की थांबून मोजायचं. रुंद तोंडाच्या फिक्या लाकडाच्या भांड्यात आत छोटा दिवा सोडला तर अजून मजा, ओलं लाकूड पातळ झालं की उजेड आरपार येतो, केशरी, आणि जाड राहिलेला पट्टा सावलीसारखा काळा दिसतो. तो पट्टा पुसला जाईपर्यंत कापायचं. पण हे एका बैठकीतच संपवावं लागतं, जेवायला गेलात तर परत येईपर्यंत कड वाकलेली असते आणि गोल कापायला ते गोल राहिलेलं नसतं.

वाळवणं म्हणजे घाई न करणं. कागदी पिशवीत घालून, तोंड दुमडून, वारा नसलेल्या जागी ठेवायचं, ओलावा सगळीकडून सावकाश जातो. पिशवीवर तारीख आणि वजन लिहायचं, दर तीन-चार दिवसांनी परत वजन करायचं. आधी भराभर उतरतं, मग हळू, आणि लागोपाठ तीन वेळा तेवढंच भरलं की समजा वाळलं. पातळ भांड्याला दोन-तीन आठवडे पुरतात. प्लास्टिकची पिशवी बंद करून विसरलात तर बुरशीची दाढी येते. जाड ठेवून मग वाळल्यावर दुसऱ्यांदा गोल कातायचं अशीही पद्धत आहे, तिथे भिंत व्यासाच्या साधारण दहाव्या भागाएवढी ठेवतात, पण सालीच्या कडेला दुसऱ्यांदा तो टकटकाट सोसायला लावणं मला जिवावर येतं, मी एकदाच कातून मोकळा होतो.

साल बळकट करायला पातळ सुपरग्लू त्या कँबियमच्या रेषेत थेंब थेंब सोडायचा, रेष स्वतःच तो ओढून घेते. मात्र आधी शेजारच्या लाकडावर शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात मारून घ्या, नाहीतर गोंद बाजूला पसरून कायमचा पिवळट डाग पडतो आणि पुढचं कुठलंही तेल तिथे बसत नाही. खिडकी उघडी ठेवा, डोळ्यात चुरचुरतं. साल धुवायची नाही, जुन्या टूथब्रशने कोरडीच झटकायची. तेल लाकडाला लावा, सालीला नको, साल तेल पिऊन काळीमिट्ट होते आणि शेवाळाचे, भेगांचे जे रंग टिकवायला एवढी धडपड केली तेच जातात.

भेट म्हणून दिलंत तर एवढं सांगून ठेवा की यात पाणी भरायचं नाही, उभ्या नळ्यांच्या तळातून ते झिरपणारच. वाळक्या काड्या, गवताचे तुरे ठेवायला उत्तम. दमट दिवसांत साल थोडी फुगते, कोरड्या दिवसांत बसते, आणि पहिल्या वर्षात कधीतरी रात्री एखादा टिक असा आवाज येतो. मी अजूनही उठून दिवा लावून बघतो.